मढ कोळीवाड्यातले शनिदर्शन

१९७४च्या जानेवारीत एका शनिवारी संध्याकाळी मढच्या किनाऱ्यावरून धूमकेतू दिसला नाही. तो पाहायलाच आम्ही दोघे मुलुंडहून निघालो होतो. माझे शेजारी प्रधान एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत. दोन पावसाळे काच घासून त्यांनी आरसा तयार केला आणि पन्हळीच्या पत्र्याच्या नळीत बसवून दुर्बीण केली. मुलुंडला कारखान्यांच्या धुरामुळे पश्चिमेचे आकाश साफ नसते, म्हणून मढ.

घाटकोपरहून अंधेरीच्या बसमध्ये कंडक्टरने नळीवर पंच वाजवून आत तोफ आहे का, असे विचारले. प्रधानांनी आरशाची आणि धूमकेतूची माहिती मरोळपर्यंत सांगितली. उतरताना कंडक्टर म्हणाला, "काका, दिसला तर कळवा. बायको रोज विचारते."

वर्सोव्याहून तरीने (खाडी ओलांडणारी होडी) मढला पोचलो. दुर्बीण वलांडीशेजारी (बोंबील वाळवायची बांबूची मांडणी) ठेवली. समोरच्या घरातल्या चांगुणाबाईंनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण वाढले. त्या अंधेरीच्या बाजारात मासळी विकतात. दारासमोर एक रंगवलेली होडी कोरड्यावर उभी होती. नवरा वारल्यावर ती मुलाकडे, काशिनाथकडे आली. पण त्याला साडेसाती आहे, स्वतःची होडी काढू नको, असे मालाडच्या ज्योतिषाने सांगितले. तेव्हापासून काशिनाथ चुलत्याच्या होडीवर खलाशी आहे. शिमग्यापर्यंत होडी निघाली नाही तर ती विकायची, असे घरात ठरले होते. त्या हे सांगत असताना काशिनाथ मान खाली घालून जाळे शिवत होता.

सूर्य मावळला. पश्चिमेला धुरकट होते. अर्धा कोळीवाडा जमला होता. धूमकेतूची तरीची वेळ चुकली असेल, असे कोणीतरी म्हणाले. प्रधानांनी नळी पूर्वेकडे वळवली आणि हा शनी, असे जाहीर केले. जमाव एक पाऊल मागे सरला. काशिनाथ पुढे झाला, तेव्हा आईने त्याचा हात धरला.

या दुर्बिणीला डोळा लावायची जागा टोकाला नसून नळीच्या कुशीत आहे. चांगुणाबाईंनी ते दोनदा निरखून पाहिले. शनीच्या देवळात समोर उभे राहत नाहीत, त्याच्या दृष्टीत येऊ नये म्हणून बाजूने दर्शन घेतात.

"समोरून नाय ना बगायचा?" त्यांनी विचारले.

"नाही. बाजूनेच."

त्यांनी पदर खोचला आणि डोळा लावला. बराच वेळ त्या हलल्या नाहीत.

"याच्या डोईवर चुंबल हाय," त्या म्हणाल्या. चुंबळ म्हणजे टोपलीखाली डोक्यावर ठेवायचे कापडाचे वेटोळे. "यो पन माज्यासारका ओझा वाहतो."

प्रधानांनी शनीच्या कड्यांविषयी सांगायला घेतले. त्यांना कोणी थांबवले नाही, कोणी ऐकलेही नाही.

"काशी, तू पन बग. असाच, बाजूनं."

काशिनाथने पाहिले. मग म्हणाला, "आये, मंगलवारी होडी लोटू?"

"मना काय इचारतंस? तांडेल (होडीचा प्रमुख) तू."

आठच्या तरीने आम्ही परतलो. धूमकेतू हुकल्याचे प्रधानांना अंधेरीपर्यंत वाईट वाटत होते.

पुढच्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी मी अंधेरीच्या बाजारात गेलो. चांगुणाबाईंच्या टोपलीत ताजे बोंबील होते. कोणाच्या होडीचे, असे मी विचारले.

"काशीच्या," त्या म्हणाल्या.