मी वाळू सारवली त्याची गोष्ट

मी एकदा वाळू सारवली होती. हो, वाळू! शेणानं!

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सुपारी वाळवायला वाडीत जागा पुरेना, आणि समुद्राकडच्या कडेला मर्यादवेल चटईसारखी पसरलेली. मला वाटलं, रान माजलंय. सासूबाई आठवडाभर लेकीकडे गेलेल्या. सूनबाईंनी पदर खोचला, सगळी वेल उपटली आणि उघड्या वाळूवर झकास सारवण घातलं. सारवण्यात माहेरी माझा हातखंडा ना! दुसऱ्या दिवशी त्याच्या खपल्या उडाल्या, मग खालची वाळू उडायला लागली. सासूबाई परतल्या तेव्हा त्यांनी गेल्या पावसात लावलेली पोफळीची बारा रोपं गळ्यापर्यंत वाळूत होती.

त्या ओरडल्या नाहीत. "हातानं उकर. फावड्यानं कोंब तुटेल," एवढंच. मग किनाऱ्यावरून वेलीचे हातभर तुकडे आणायला लावले.

"अगो, दोन पेरं वाळूत, शेंडा वर. तुझा नेम नाही, उलटं लावशील."

रोज सकाळी मी रोपं उकरायची, तुकड्यांना कळशीनं पाणी घालायची. संध्याकाळी वारा रोपं पुन्हा बुजवायचा. तीन रोपं गेलीच. पंधरा-वीस दिवसांनी एका पेराशी नखाएवढं पान दिसलं, आपट्यासारखं मधे दुभंगलेलं. खोड कुठली जायला, मी ओढून पाहिलं. सुटेना! मी तिथंच फतकल मारली. खारी वाळू, खारा वारा, रणरणतं ऊन, आणि ही बया त्यावर संसार थाटून बसलेली. बोटानं वाळू सारली, तर केसाएवढी मुळं, पण प्रत्येकानं आपापली वाळू थोपवून धरलेली. पावसाळा सरेपर्यंत सगळी कड हिरवी झाली, तिच्यावर जांभळी फुलं आली. उरलेल्या नऊ रोपांवर वाळूचा कण येईना.

अलीकडच्या मोठ्या वादळात आमचे माड आडवे झाले. सकाळी जाऊन बघते तर ही जागच्या जागी, अंगावर झावळ्यांचा कचरा घेऊन. माझे हात आपोआप जोडले गेले.

पण ते पुढचं. त्या पहिल्या दिवाळीला माझे वडील आले. फुलं बघून म्हणाले, "वा! कुणी लावली हो?"

"तुमच्या लेकीनं," सासूबाई म्हणाल्या. वडील खूश होऊन ओटीवर जाऊन बसले. मी सुटकेचा निःश्वास टाकते तोच सासूबाई माझ्या कानाशी आल्या.

"लावलीस ते मी सांगितलं. उपटलीस ते तू सांग, चहा देताना."