ताईचे तीन फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मी गप्प झालो की तिला वाटतं, ताईची आठवण आली असेल. आठवण येतेच. पण ती कसली, ते तिला ठाऊक नाही.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. ताईने लग्न केलं नाही, मला वाढवलं. मुलुंडला बालवाडीत शिकवायची. मांडीच्या हाडात कॅन्सर निघाला, आणि कळेपर्यंत तो फुप्फुसांत पोचला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं – रेडिएशन दुखणं कमी करायला आहे, बरं करायला नाही. दहा दिवस यायचं. पायावर भार अजिबात द्यायचा नाही, हाड आतून पोखरलंय. सोबत कुणीतरी हवंच.

ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं.

सहा दिवस नेलं. हॉस्पिटलच्या गेटवर रिक्षा थांबली की मी मागच्या इमारतीतून व्हीलचेअर आणायचो. मशीनच्या खोलीत ती एकटी, मी बाहेर बाकावर. सहाव्या दिवशी परतताना खोकत खोकत तिने विचारलं, "खरं सांग ना रे सुधीर, याने छातीतलं पण जाईल ना?"

"जाईल गं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी माझं खोटं ती लगेच पकडायची. तेव्हाही पकडलं असेल का? उद्या पुन्हा विचारलं तर? – बस, एवढीच भीती. दुखणं तिचं, मरण तिचं, आणि घाबरलो मी.

सातव्या दिवशी सांगितलं, रजा मिळत नाहीये. "जा तू," ती म्हणाली, "शेजारच्या वहिनी रिक्षात बसवून देतील." मी निघालो. ऑफिसला नाही – घाटकोपरच्या एका मॉलमध्ये जाऊन बसलो. कॉफी घेतली. फोन वाजला. ताई. मी बघत राहिलो. पुन्हा वाजला. मी फोन उलटा ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कॉफी पीत होतो.

चौथा फोन अनोळखी नंबरवरून होता, हॉस्पिटलमधून. तो मात्र उचलला.

ताईला फक्त विचारायचं होतं, व्हीलचेअर कुठे मिळते. ते मलाच ठाऊक होतं ना! शेवटी भिंतीला धरून ती चार पावलं चालली, आणि हाड मोडलं.

मी पोचलो तेव्हा ती स्ट्रेचरवर होती. वेदनेने ओठ पांढरे पडलेले. म्हणाली, "कामात असशील, म्हणून मग पुन्हा नाही केला फोन."

त्यानंतर ती उठली नाही. उरलेलं रेडिएशनही झालं नाही. सात आठवडे मी तिला चमच्याने पेज भरवली, तिचं अंग पुसलं. सांगायला रोज वेळ होता. एक वाक्य तर होतं – तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. नाही सांगितलं. तिनेही पुन्हा काही विचारलं नाही.

तेराव्याला बालवाडीच्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुनंदा नेहमी सांगायची, माझा भाऊ एक दिवसही मला एकटं सोडत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले.