मोरचूद न घातलेली खळ

माझ्या माहेरी भिक्षुकी होती. पोथी उघडताना एखादी कसर सुळकन पळाली, तर वडील श्लोक न तोडता तिला अंगठ्याखाली चिरडत, अंगठा धोतराला पुसत आणि पुढच्या ओळीवर जात. त्यात काही पाप असेल असं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अकोल्याच्या त्या मंदिरात माझं डोकं का फिरलं ते कळेल.

अमरावतीच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवून मी निवृत्त झाले. नोकरीत असताना जुन्या हस्तलिखितांची निगा कशी राखायची याचं एक लहानसं प्रशिक्षण घेतलं होतं. तेवढ्या भांडवलावर आमच्या भागात मी तज्ज्ञ ठरले. कुणाच्या माळ्यावर गाठोडं सापडलं की फोन मला. बहुतेक गाठोड्यांतून जुनी पंचांगं आणि उंदरांच्या लेंड्या निघतात, हे मी अनुभवाने सांगते. त्यामुळे अकोल्याला दिलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा मी फारशी हलले नाही. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या मंदिरात चित्रांची पोथी आहे. माझे सासरे सांभाळतात. आता तिच्यातून पीठ गळून राहिलं." पीठ म्हटल्यावर मात्र मी दुसऱ्याच दिवशीची एसटी धरली.

दिवस श्रुतपंचमीचा होता. ज्येष्ठातल्या या पंचमीला जैन मंदिरांतली शास्त्रं बाहेर काढतात, पुसतात, त्यांची पूजा करतात आणि नव्या वेष्टनात बांधून ठेवतात. अकोल्याच्या ज्येष्ठातल्या उन्हाबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी ते खाल्लंय त्यांना सांगायची गरज नाही. मंदिराच्या मागच्या खोलीत गारवा होता. तिथे विद्यार्थिनीचे सासरे, म्हणजे काकाजी, आणि सासू, म्हणजे काकू, पोथी घेऊन बसले होते. दोघंही ऐंशीला टेकलेली.

काकाजींचं कापडाचं दुकान होतं. तरुणपणीच त्यांनी खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं होतं, आणि कापडाच्या दुकानात बसून ते पाळलंही होतं. सुनेने हसत सांगितलं की साडी हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते स्वतःहून म्हणायचे, "रंग जाईन बरं याचा." दुकान कसं चाललं देव जाणे. काकूंची नजर अधू झाली होती. डॉक्टरांनी आता आहे तेवढंच, म्हणून सांगितलेलं. पण पोथी बांधायचं काम त्यांचंच. वेष्टन दर वर्षी नवं लागे, दोरी मात्र तीच. लग्न होऊन आल्यावर त्यांनी स्वतः वळलेली सुताची दोरी होती ती. एकदा मध्येच तुटली तेव्हा त्यांनी गाठ मारून जोडली होती. पोथीच्या दोन लाकडी फळ्यांभोवती तिचे वेढे दिले की बोटभर टोक उरायचं, आणि ते त्या आत खोचायच्या.

काकाजींनी पोथी उघडली. आडवी पानं, लाल पार्श्वभूमी, पिवळी माणसं, आणि प्रत्येक चेहऱ्याचा पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर येऊन आपल्याकडे बघतोय. काही शतकं होऊन गेली, पण लाल रंग कालचा वाटावा असा. काकूंनी मला गोष्ट सांगितली. दरसाल या दिवशी त्या बायापोरांना चित्रं दाखवून ती सांगत आल्या होत्या.

"राजाले वाईट सपन पडलं. त्याची माय म्हणे, देवीले कोंबडा काप. राजा म्हणे, मी जीव मारत नाही. मंग माय म्हणे, पिठाचा कर अन् काप, पाप मले लागू दे. त्यानं कापला. पिठाचाच होता, पण मनात तं मारलं ना? त्याच्यासाठी माय-लेक किती जन्म फिरले. मोर झाले, कुत्रं झाले, बकरी झाले."

त्या पानावर राजाची आई हात पुढे करून उभी होती आणि मधे तो कोंबडा, खऱ्यापेक्षा देखणा. मी पान किंचित तिरपं केलं. कडेच्या बारीक छिद्रांतून पिवळसर भुगा माझ्या ओढणीवर सांडला. एका छिद्रात पांढरी अळी डोकं हलवत होती.

मी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं की काळजी नको, नागपूरला माझ्या ओळखीचे लोक आहेत. पोथी बंद पेटीत ठेवतील, औषधाची वाफ देतील, काही दिवसांत परत मिळेल.

काकाजींनी एकच प्रश्न विचारला. "बाई, आतले जीव मरतीन का?"

"त्यासाठीच तर करायचं, काकाजी."

"मंग नाही."

मी दुसरा उपाय सांगितला, पोथी अतिशय थंड खोलीत ठेवायची. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी तिसरा सांगितला. पोथी पिशवीत घालून आतली हवा काढून घेतात, औषध नाही, विष नाही, काही नाही. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तितक्याच शांतपणे. माझा पारा चढला. मी म्हटलं, "काकाजी, इकडे पोथी मरते आहे!"

"पोथी झिजते, बाई. मरतात ते जीव. अन् तुमीच सांगा, पिठाच्या कोंबड्याची ही पोथी, तिले वाचवासाठी मी खऱ्या जिवाईले मारू?"

आयुष्यभर मी मुलांना संस्कृतातला तर्क शिकवला.  तरी त्या दिवशी औषधाने किडे नुसते पळून जातात, मरत नाहीत, असं बेधडक सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. पण ज्याने साडीचा रंग जाईल म्हणून सांगितलं त्या माणसासमोर ते वाक्य काही तोंडातून निघेना.

मग त्यांच्याच पद्धतीने काम सुरू झालं. लवंगा, वेखंड, कडुलिंबाचा वाळलेला पाला पेटीत घातला. त्याने बाहेरचे किडे येत नाहीत, पण आत घर करून बसलेल्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. म्हणून मी अमरावतीहून अधूनमधून जायची, आणि आम्ही खिडकीशी बसून एकेक पान मऊ कुंचल्याने झाडायचो. अळी बाहेर आली की काकाजी तिला कापसावर घ्यायचे आणि डब्यात ठेवायचे. डब्यात कागद असायचा. नाहीतर ती उपाशी मरेल! आधी त्यांनी जुन्या लग्नपत्रिका घातल्या, पण त्या गुळगुळीत कागदाला अळ्या तोंड लावेनात. मग मी घरून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नेला. विद्यार्थिनी ओरडली, "मॅडम, यात माझा पेपर नसन ना?" मी म्हटलं, तुझ्या उत्तरांवर जगली असती तर अळी विद्वान झाली असती. आम्ही खूप हसलो. काकाजी तो डबा गावाबाहेरच्या गोशाळेतल्या एका आडोशाला नेऊन ठेवायचे आणि येऊन हात धुऊन पुन्हा बसायचे.

पण कागदाच्या आत, पानापानांच्या मधे, जिथे कुंचला पोचत नाही तिथे कुरतडणं चालूच होतं. पावसाळा लागला आणि ते वाढलं. काही पानं उचलताच हातात तुकडे यायचे. ते तुकडे आम्ही वेगळ्या पाकिटात घालायचो. मंदिराच्या भिंतीवर एक चौकटीतलं प्रमाणपत्र लावलं आहे, ही पोथी म्हणजे दुर्मिळ दस्तऐवजी वारसा असल्याचं. मला ते बघितलं की चीड यायची. लोक म्हणत, फोटो काढून ठेवले ना, मग झालं. फोटो मीच काढून घेतले आहेत, उत्तम आले आहेत. पण माणूस आजारी असताना कुणी त्याचा फोटो दाखवून समजूत काढतं का? मला नुसतं बघत बसावं लागत होतं, आणि मला ते जमत नाही.

एके दुपारी माझ्या लक्षात आलं की छिद्रं सगळीकडे सारखी नाहीत. झिजलेल्या कडांना जिथे जिथे कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, तिथून ती सुरू होत होती आणि मग आत पसरत होती. कोंबड्याच्या पानाला तर अशी लांबलचक पट्टी होती. मी सहज विचारलं, या पट्ट्या कुणी लावल्या?

"मीच लावल्या," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी मान वर केली. "डोये चांगले होते तवा. पानं फाटून राहिले होते. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, पाणी गाळून खळ शिजवली. बाइंडिंगवाल्यानं सांगितलं होतं, खळीत मोरचूद टाकजा म्हणून. मी नाही टाकलं. मोरचुदानं जीव मरतात. साधी कणकेची खळ केली. शुद्ध."

खळीत मोरचूद घालतात ते कीड लागू नये म्हणूनच. कणकेची साधी खळ म्हणजे किड्यांना वाढलेलं ताट. हे माझ्या तोंडावर उमटलं असणार, पण काकूंना तोंड दिसत नव्हतं. मी काही बोलले नाही, आणि तेच चुकलं. एरवी माझी बडबड थांबत नाही. काकूंनी माझं गप्प होणं ऐकलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "माह्याच कणकेनं आले का हे?"

मी काकाजींकडे बघितलं. ते पानावर वाकले होते, कुंचला हातात तसाच. त्यांना आधीपासून माहीत होतं हे मला तेव्हा कळलं. "कीड काय, कुठूनही येते, काकू," असं काहीतरी मी पुटपुटले. ते मलाही पटण्यासारखं नव्हतं.

काकू उठून खिडकीपाशी आल्या. पदराने हात पुसले आणि काकाजींना म्हणाल्या, "या बाईले नेऊ द्या पोथी. मारू द्या त्याईले. पाप मले लागू दे."

काकाजींनी कुंचला खाली ठेवला. समोर तेच पान होतं, हात पुढे केलेल्या आईचं. त्यांनी आवाज चढवला नाही. "ते मायबी असंच म्हणाली होती," ते म्हणाले.

"मले माहीत आहे. मीच सांगत आली ना दरसाल."

आणि मग त्या रडल्या. काकाजी उठले नाहीत, पाणी द्यायला गेले नाहीत, तिथेच बसून राहिले, कारण त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. इतकं शिकून, इतकं शिकवून मी त्या खोलीत एका सतरंजीइतकीच उपयोगाची होते. मला त्या अळ्यांचा राग आला, काकाजींचा आला, त्या राजाचा आला, आणि हेही कळत होतं की यांपैकी कुणाचंच काही चुकलेलं नाही. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. शेजारच्या बाईने न विचारता मला शेंगदाण्याची पुडी दिली.

नंतर तो विषय कुणी काढला नाही. काम मात्र चालू राहिलं. काकू रोज आमच्याबरोबर बसू लागल्या. अळी त्यांना दिसत नसे, म्हणून कापूस धरायचं काम त्यांनी घेतलं.

यंदाच्या श्रुतपंचमीला मी पुन्हा गेले. पूजा झाली, बायापोरं आली, काकूंनी गोष्ट सांगितली. कोंबड्याचं पान मात्र त्यांनी दाखवलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही. ते आता पाकिटात आहे. नंतर खोलीत आम्ही तिघंच उरलो. काकूंनी नवं केशरी वेष्टन घातलं, फळ्या जुळवल्या, दोरीचे वेढे दिले. दर वर्षीप्रमाणे टोक खोचायला गेल्या आणि त्यांचा हात थांबला. टोक बोटभर नव्हतं. चांगलं वीतभर लोंबत होतं.

"दोरी काहून वाढली?" त्यांनी विचारलं.

मी पानांच्या तुकड्यांनी फुगलेल्या पाकिटाकडे बघितलं. काकाजींनी लगेच उत्तर दिलं.

"नवी आहे. जुनी तुटली."

काकूंची बोटं दोरीवरून सरकत गेली, वेढ्यांवरून, आणि एका जागी येऊन टेकली. तिथे त्यांनी स्वतः मारलेली गाठ होती. ती गाठ त्यांनी अंगठ्याने दोनदा चोळली.

"असन," त्या म्हणाल्या, आणि उरलेलं टोक त्यांनी आत खोचून दिलं.