पाच प्रश्नावल्या, एकच उत्तर

"द्या इकडे, मीच करून टाकतो," असं म्हणत आमच्या मुख्याध्यापक मॅडम समोरच्याच्या हातातलं काम काढून घ्यायच्या. (आमच्या वऱ्हाडात बायकाही 'करतो'च म्हणतात.) मग तो महिन्याच्या हजेरीचा गोषवारा असो, फळ्यावरचा सुविचार असो, की खिचडीतलं मीठ.

असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्यामुळे सगळं वेळेवर होतं आणि बाकीचे हळूहळू आळशी होतात. अकोट रस्त्यावरच्या आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेत आम्ही पाच शिक्षक तसेच झालो होतो. तक्रार कोणाचीच नव्हती. उलट बरं चाललं होतं म्हणा ना.

पन्नाशीला टेकल्यावर मॅडमनी शालेय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेला नाव घातलं. दर रविवारी एसटीने अकोल्याच्या अभ्यासकेंद्रात जायच्या. या वयात हे काय खूळ, असं आम्ही त्यांच्या मागे बोलायचो. त्यांना केंद्रप्रमुख व्हायचं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. दहा शाळा सांभाळायच्या तर आधी शिकावं लागेल, म्हणायच्या.

पदविकेसाठी एक प्रकल्प करायचा होता. त्यांनी विषय घेतला तो स्वतःचाच: आपल्या शाळेतली आपली नेतृत्वशैली. आम्हा पाचांना प्रश्नावली दिली आणि नाव लिहू नका म्हणाल्या. आता साहेबांबद्दल कागदावर वाईट कोण लिहिणार? आम्ही एका वर्गाचं दार लोटून बसलो. एकाने खुणा केल्या, बाकी चौघांनी उतरवून घेतल्या. प्रत्येक प्रश्नाला 'पूर्णपणे सहमत'. वर्षभर पोरांची कॉपी पकडणारे आम्ही!

पुढच्या सोमवारी मॅडम आल्या त्या थेट माझ्या वर्गावर. या पाचही प्रश्नावल्या तुम्हीच भरल्या का, असं अकोल्याच्या मार्गदर्शकांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं होतं. प्रकल्प परत केला होता. पंधरा दिवसांत खरी माहिती आणली नाही तर वर्ष वाया जाणार होतं.

"काहून केलं असं, सर?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

"मॅडम, तुमी कोणाले काही करूच देत नाही. तुमी मिटिंगले गेल्या का शाळा नुसती बसून रायते. हे कागदावर कसं लिवाव?"

दुसऱ्या दिवशी कोऱ्या प्रश्नावल्या टेबलावर होत्या आणि मॅडम रजेवर. माझ्या पाहण्यातली ती त्यांची पहिली रजा. आम्ही वेगवेगळ्या वर्गांत बसून खुणा केल्या आणि खाली शेऱ्यात खरं खरं लिहिलं. वाईट वाटत होतं, तरी लिहिलं. प्रकल्प मंजूर झाल्यावर मी तो वाचला. आमची वाक्यं त्यांनी जशीच्या तशी छापली होती, एकाचीही धार कमी केली नव्हती.

त्यानंतर अमरावतीला मुख्याध्यापकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. कामं वाटून कशी द्यावीत, यावरच त्यात सगळा भर. पहिल्या दिवशी तिथून त्यांचे चार फोन आले, दुसऱ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी एकही नाही, तर आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

परत आल्यावर त्यांनी पालकसभा माझ्यावर सोपवली. मी प्रास्ताविकच विसरलो आणि सरपंचबाईंना खुर्ची कमी पडली. मॅडम मागे सतरंजीवर बायांमध्ये बसलेल्या. दोनदा अर्धवट उठल्या आणि पदर सावरून पुन्हा बसल्या. माझं हसं झालं, पण सभा मीच पार पाडली. या बाईंबद्दल मला खरी माया वाटली ती त्या दिवशी.

दोन वर्षांनी त्या केंद्रप्रमुख झाल्या, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. निरोपाचा चहा झाला, त्या फाट्यावर गेल्या आणि तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आपला जुना दाखला मागायला आले. जुनं प्रवेश रजिस्टर काही केल्या सापडेना. मी मोटारसायकल काढून फाटा गाठला. एसटी लागली होती आणि मॅडमचा एक पाय पायरीवर होता.

जुनं रजिस्टर कुठे ठेवलंय, मी घाईघाईने विचारलं.

त्या थांबल्या. शाळेतला खिळासुद्धा कुठे आहे ते त्यांना ठाऊक असायचं. उत्तर ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं.

"मले नाही मालूम, सर. पाहा तुमी."

आणि त्या गाडीत चढल्या. खिडकीशी बसल्या, पण शाळेकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. रजिस्टर सापडायला मला दीड तास लागला. इतक्या वर्षांत मॅडम माझ्याशी खोटं बोलल्या त्या एवढ्या एकदाच.