व्हेनिसमध्ये चार पावलं पुढे

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये परदेश पाहिलेला एकही माणूस नव्हता, त्यामुळे परदेशाची भीती घालायला सगळेच मोकळे होते. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "तिकडे पाकीटमार सुटाबुटात असतात, ओळखू येत नाहीत." वरच्या वहिनींनी फक्त एक प्रश्न विचारला. "पाण्यातलं शहर म्हणता, पण कडेला कठडे असतात का हो?" कठड्यांचा विचार मी तोवर केला नव्हता. त्यानंतर दुसरा कसला केला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा मेहुणा जर्मनीत नोकरीला होता. त्यानेच तिकिटं पाठवली आणि म्हणाला, माझ्याकडे येण्याआधी दोन-तीन दिवस व्हेनिस बघून घ्या. मुलाला आजीकडे ठेवलं आणि आम्ही नवरा-बायको निघालो. काकांच्या सल्ल्यावरून बायकोने माझ्या बनियनला आतून खिसा शिवला होता. त्यात दोघांचे पासपोर्ट, सगळे पैसे आणि हॉटेलचं कार्ड. तिच्या पिशवीत दशम्या आणि लसणीची चटणी. म्हणजे मी हरवलो तर उपाशी राहणार, आणि ती हरवली तर... हे पुढचं वाक्य पूर्ण करायचं मला तेव्हा सुचलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी एका छोट्या पुलाच्या पायरीवर बसून आम्ही जेवलो. खाली हिरवं, गढूळ पाणी.

"पाय वर घे," मी म्हणालो.

"तुम्ही आधी घ्या. आणि चटणी सांडू नका."

मी चटणी सांडली. मग आम्ही शहर बघायला निघालो. मी पुढे, ती चार पावलं मागे. यात ठरवून काही नव्हतं, लग्नापासूनची चाल तीच. मुलुंडच्या बाजारात मी ताडताड जाऊन भाजीवाल्यासमोर उभा राहायचो आणि ती मागून येऊन भाव करायची. मागे वळून बघायची गरज कधी पडली नाही, कारण ती असायचीच. व्हेनिसच्या गल्ल्या तर इतक्या अरुंद, की आमच्यासारख्यांसाठीच बांधल्या असाव्यात.

विमानात मी गाईडचं पुस्तक वाचलं होतं, ते आता बाहेर पडायला लागलं. "हे सगळं शहर लाकडी खांबांवर उभं आहे बरं का. लाकूड पाण्यात राहिलं की कुजत नाही, हवा लागली तर कुजतं." असं बरंच. लग्नानंतर इतका वेळ मध्ये न बोलता तिने माझं कधीच ऐकलं नव्हतं. तिथेच शंका यायला हवी होती.

घसा सुकला म्हणून पाणी मागायला वळलो, तर मागे एक मांजर.

"अगं!" मी हाक मारली. "अगं ए!" वरची एक खिडकी उघडली, एका म्हातारीने मला नीट बघितलं आणि बंद केली. मग आयुष्यात पहिल्यांदा मी बायकोला भर रस्त्यात नावाने हाक मारली. भिंतींनी ती जशीच्या तशी मला परत दिली.

मी मागे धावलो. गल्लीला तीन फाटे फुटलेले, आणि मी कुठल्यातून आलो ते मला माहीत नव्हतं! एक धरला. तो वळत वळत गेला आणि सरळ पाण्यातच संपला. कठडा नाही, साखळी नाही. शेवाळलेल्या पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या, आणि पुढे भिंतीच्या कडेला काहीतरी पिवळं तरंगत होतं. कापड होतं. तिने पिवळी साडी नेसली होती.

मला पोहता येत नाही. तरी मी भिंतीतली लोखंडी कडी धरून एक पायरी उतरलो, घसरलो, बूट भरला, आणि ते कापड कसंबसं ओढलं. टेबलावर घालायचं कापड निघालं. कडेला सॉसचा डाग. तो डाग बघून मला रडू आलं.

पुढे एक वेटर दिसला. भाषा येत नव्हती, म्हणून मी हातांनी पदर घेऊन दाखवला, कपाळावर बोट टेकवून कुंकू दाखवलं. तो आत गेला आणि माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आला. मला थंडी वाजून डोकं दुखतंय असं त्याला वाटलं असावं. थरथरत तर मी होतोच.

पाणी पिताना आठवलं. एकदा जुहूला मुलगा आमच्यापासून सुटला होता, तो भेळवाल्याच्या गाडीपाशी सापडला. तेव्हापासून घरचा कायदा होता. चुकामूक झाली की शेवटचं जिथे खाल्लं तिथे यायचं. म्हणजे तो पूल! पण व्हेनिसमध्ये पूल सोडून दुसरं आहे काय? सगळे जुळे भाऊ. प्रत्येकावर चढून मी वाकून पायऱ्या बघत सुटलो. शेवटी एका पायरीवर लाल तिखटाचा डाग दिसला, त्याभोवती कबुतरं. पूल सापडला होता.

ती नव्हती.

मी बसलो. शोधायला जावं आणि तेवढ्यात ती आली तर? बसून राहावं आणि ती कुठे... छातीशी बनियनमधले दोन पासपोर्ट टोचत होते. मुलगा विचारणार, आई कुठेय? काय सांगू, मी शहराची माहिती देत होतो? उजेड उतरला. पाणी काळं झालं.

मग मागून एक चप्पल नीट आणि एक फरफटत आल्याचा आवाज आला.

"कुठे होतीस?" मी ओरडलो. घाबरलेला नवरा आधी ओरडतो.

"चपलेचा अंगठा तुटला. 'अहो, थांबा' म्हटलं. तुम्ही लाकडी खांबांवर होतात."

"मग?"

"मग त्या चौकात विहीर होती, तिच्या कट्ट्यावर बसले. बांगडीतली सेफ्टी पिन लावली चपलेला. म्हटलं, आता बघतील मागे. मग म्हटलं, आता तरी बघतील." तिने पदर खांद्यांभोवती ओढून घेतला. "अंधारायला लागलं तेव्हा कळलं, हा माणूस काही वळत नाही. म्हणून उठले."

"पण रस्ता कसा सापडला तुला?"

"तुम्ही कधी कुठे वळाल याचा नेम आहे का? मी आपली प्रत्येक कोपऱ्यावर खूण बघून ठेवते. मुलुंडलासुद्धा."

मी तिचा हात धरला. गार होता. तिने माझ्या बुटाकडे पाहिलं. "हे काय?"

"तुला शोधायला पाण्यात उतरलो होतो."

"किती?"

"एक पायरी."

मला वाटलं, हसेल. हसली नाही. उरलेली दशमी काढली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

खाऊन झाल्यावर "चल" म्हणून मी उठलो आणि सवयीने पुढे झालो.

"अहो, हॉटेल इकडे."

ती पुढे निघाली. मी मागे, ओला बूट पचपच वाजवत, तिच्या चपलेतल्या पिनेवर डोळे लावून. गल्ल्या काळोख्या होत्या, डाव्या हाताला पाणी होतं, कठडा नव्हता. आणि प्रत्येक वळणावर ती थांबून मागे बघत होती.