पाय न टेकवता

वावराकडे जाणारी आमची पांदण काकाने दगड टाकून बंद केली, तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती. मोटारसायकल म्हणजे मेडशीच्या बाजाराला जाऊन यायचं साधन, एवढंच मला ठाऊक होतं. काका म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ. वडील होते तोवर तो गप्प होता. त्यांची तेरवी झाली आणि थोड्याच दिवसांत त्याने जेसीबी लावून आपल्या विहिरीतले काळे दगड पांदणीत ओतले.

मी विचारायला गेलो, तर तो ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"काका, दगडं काहून टाकले?"

"माह्या वावरातून रस्ता नाही," तो वर न बघता म्हणाला. "तुले जायचं अशीन त उडून जाय."

तहसीलला अर्ज दिला. तारखा पडत राहिल्या. त्या साली सोयाबीनची पोती आम्ही नाल्याकडून फेरा मारून डोक्यावर आणली. बायकोची मान आखडली. ती पोतं उतरवून भिंतीला टेकायची आणि मी काकाच्या माडीकडे बघत राहायचो.

अशातच मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. कुणी परदेशी माणूस गाडीवर उभा राहून म्हशीएवढ्या दगडांवर चढत होता. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. वेगाला किंमत नाही. पाय जमिनीला टेकला की गुण गेला. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. खेळ आवडला म्हणून नाही. त्या दगडांच्या पलीकडे मला काकाचं तोंड दिसत होतं.

वडिलांची जुनी टू-स्ट्रोक गोठ्यात गुरांच्या कुटाराच्या पोत्यांमागे पडून होती. ती मेडशीच्या मिस्त्रीकडे नेली.

"इच्यावर दगडं चढाचे?" तो म्हणाला. "मोडशीन."

"गाडी का मी?"

"दोघंबी."

तरी त्याने चेनचं पुढचं दातेरी चाक लहान बसवलं, म्हणजे गाडी हळू चालवली तरी ओढ राहावी. लेगगार्ड काढला, सायलेन्सर वर उचलून बांधला. टायरमधली निम्मी हवा मी सोडली, म्हणजे रबर दगडाला धरतं.

पहिल्याच दिवशी दुसऱ्या दगडावरून आडवा झालो. काकाच्या पोराने ते मोबाईलवर टिपलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. पानठेल्यावर लोक मला बघून हातातला मोबाईल खाली करू लागले. मग मी नाल्याच्या कोरड्या पात्रात शिकायला लागलो. क्लच अर्धा धरून ठेवायचा. चढताना अंग पुढे, उतरताना मागे. नजर दगडावर नाही, दगडाच्या पलीकडे. नडगी सोलून निघाली, दोनदा क्लचची तार तुटली. दुखलं की काकाला शिवी द्यायचो आणि पुन्हा किक मारायचो.

एका सकाळी काका पांदणीकडच्या बाभळीखाली बसला होता. मी सगळा ढीग पाय न टेकवता पार केला, पलीकडे थांबलो आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. धूर त्याच्याकडे जात होता. दोन दिवसांनी ढीग वाढला. मला बरंच वाटलं. तो दगड टाकत गेला, माझा हात बसत गेला.

"तुमाले वावरात जायचं हाय का त्याईले दाखवाचं हाय?" बायकोने विचारलं.

"दाखवाचं हाय."

"मंग पोते कोन आनीन?"

मी गाडी नाल्याकडे काढली.

शेवटी नायब तहसीलदार पाहणीला आले. काकाने हात जोडले. "साहेब, रस्ता बंद कुठं हाय? हा रोज गाडीवर जाते. साऱ्या गावानं पाह्यलं."

इतके महिने ज्या सुडावर जगलो, तोच काकाचा साक्षीदार झाला होता.

"जाता का तुम्ही इथून?" साहेबांनी विचारलं.

"जातो साहेब," मी म्हणालो. बायकोने डोळे वटारले. "पन ती सर्कस हाय. याईचा पोरगा नव्या गाडीवर जाऊन दाखवते त माहा अर्ज फाडून टाका."

पोराने बापाकडे पाहिलं. चार माणसांत काकाला नाही म्हणता येईना. पोराने गाडी रेटली. पुढचं चाक फटीत अडकलं, मागचं उचललं आणि गाडी टाकीवर पडली. तो दगडांत गुडघा धरून बसला. कुणी हसलं नाही. मी हसलो, एकटाच आणि मुद्दाम मोठ्याने. अजूनही त्याची लाज वाटत नाही.

"रस्ता बंद आहे," साहेब म्हणाले.

दगड काढायला काकालाच जेसीबी आणावा लागला. मी ड्रायव्हरला म्हणालो, "भाऊ, माह्या पडीक तुकड्यात टाका, तिकडं, धुऱ्याजवळ." तो तुकडा बांधाला लागून, काकाच्या विहिरीच्या अगदी समोर आहे.

"आता कायले पाह्यजे तुले दगडं?" काकाने विचारलं.

"खेळाले."

आता पांदणीतून बैलगाडी जाते, पोती तिच्यातून येतात. आणि काका सकाळी मोटर सुरू करायला विहिरीवर आला की मी जुनी गाडी काढतो. सगळ्यात उंच दगड अजून चढता येत नाही, पण त्याला ते कळत नसावं, तो मान वर करत नाही. आवाज थोडा वेळ सोसतो, मग मोटर बंद करून घरी जातो. त्याच्या हरभऱ्याचं पाणी अर्धवट राहतं.

राहू दे.