आखूड प्लग

काही बायका भांडून मोकळ्या होतात. गादीवालीला ते कधी जमलं नाही. तिचा राग म्हणजे घडी घालून कपाटात ठेवलेली चादर. वर्षभरानं काढली तरी तशीच कडक.

समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान होतं. फोम कापायचा, खोळ शिवायची, लांब सुईनं आरपार दोरा घालून बटण ओढून घ्यायचं, हे तिचं काम. समोरच थोरल्या दिराचं दुकान. तिथे बॉडीबोर्ड मिळत, म्हणजे पोटावर पडून लाटेवरून घसरत यायच्या फोमच्या पाट्या. चहाचा कप हातात घेऊन दारात उभं राहावं तर समोर हा गृहस्थ गिऱ्हाइकांशी हसतखिदळत असायचा. तिचा चहा तिथंच कडू व्हायचा.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याचा बोर्ड भर लाटेत सुटला होता. बोर्ड हरवू नये म्हणून एक दोरी दंडाला बांधतात आणि तिचं दुसरं टोक बोर्डाच्या प्लगमध्ये अडकवतात. हा प्लग प्लास्टिकचा, दोन भागांचा असतो. एक भाग बोर्डाच्या वरून, दुसरा खालून, आणि भोकात एकमेकांत आट्यांनी फिरवून घट्ट करायचे. त्या दिवशी दोरी दंडालाच राहिली आणि तिच्या टोकाला प्लगचा वरचा भाग लोंबत राहिला. बोर्ड गेला. पोहत परत येताना लाटेनं नवऱ्याला खडकावर आपटलं आणि त्याचा गुडघा कायमचा कामातून गेला.

प्लग दिरानं बसवला होता. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळी भावकी जमल्यावर हाच दीर म्हणाला, "ह्याचे हात कुठे स्वस्थ बसतात! स्वतःच उघडून बघितला असेल आणि ढिला लावला असेल." घरातला बल्ब बदलायलाही बायकोला हाक मारणारा माणूस प्लग कशाला उघडेल? पण थोरल्या भावापुढे नवऱ्याची मान आयुष्यात कधी वर झाली नव्हती. तो पडल्या पडल्या म्हणाला, "असेल बुवा." त्या दिवसापासून गादीवालीच्या मनात एकच गोष्ट होती. ह्या माणसाच्या तोंडून, चार लोकांत, खरं काय ते वदवून घ्यायचं.

पुढे एका होडीवाल्यानं तो बोर्ड आणून दिला. प्लगचा खालचा भाग अजून भोकात चिकटून होता. तिनं जपून ठेवलेला वरचा भाग त्यात बसवून पाहिला. फिरव फिरव फिरवला, तेव्हा शेवटी जेमतेम एक आटा धरला. वरून बघावं तर झकास बसलेला, ओढला की हातात. तिला वेगळं कुणी सांगायला नको होतं. जाड गादीला दोरा आखूड पडला की बटण असंच दिसायला बसतं आणि पहिला पाहुणा टेकला की उडतं.

तरी तिनं खात्री करून घेतली. बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात जाऊन तिनं प्लग मागितला. दुकानदारानं आधी विचारलं, "बोर्ड किती जाड? पातळ असेल तर आखूड घ्या, जाड असेल तर लांबच हवा. दोन्ही भाग एकमेकांत चांगले रुतले पाहिजेत."

लांब प्लग घेऊन ती घरी आली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बोर्ड आडवा घातला. जुन्या भोकाला हात न लावता नवी जागा निवडायची ती नाकाजवळ, दंडाच्या बाजूला, छातीखाली येणार नाही अशी. हौसेनं तिनं बरोब्बर मधोमध सुई घातली आणि ती आतल्या दांड्यावर आदळून वाकली. बोर्ड ताठ राहावा म्हणून मधून दांडा असतो, हे कुणाला माहीत! तिनं दांड्याचा उद्धार केला, सुई फेकली आणि बाजूला सरकून दुसरं भोक पाडलं, प्लगपेक्षा किंचित अरुंद. आत पाणी शिरू नये म्हणून कडेला सिलिकॉन लावलं आणि नाण्यानं प्लग पिळला. खालचा तळ दबायच्या आत थांबली. मग बोर्डावर पाय रोवून तिनं दोरी जीव खाऊन ओढली. प्लग जागचा हलला नाही.

नवरा खुर्चीतून बघत होता. "जाऊ दे ना आता," तो म्हणाला. "भाऊ आहे माझा."

"भाऊ तुमचा, गुडघा तुमचा. राग माझा आहे," ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी समोरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं तोच दिवस धरला. नवऱ्याला सोबत नेऊन स्टुलावर बसवलं, दुकानातला सगळ्यात जाड बोर्ड निवडला आणि म्हणाली, "भाऊजी, ह्याला प्लग बसवून द्या."

"घरचंच काम आहे, आत्ता देतो," दीर म्हणाला. डब्यात हात घातला, हाताला आला तो प्लग काढला. आखूडच. तिनं ते पाहून घेतलं. त्यानं भोक पाडलं, प्लग पिळला, वरून थोपटला. "घे. हत्ती लटकला तरी निघायचा नाही."

"छान झालं," ती म्हणाली. "तुमच्या लेकीसाठीच घेतलाय. आज लाटा मस्त आहेत, जाऊ दे तिला."

पुतणी आतून धावत आली. काकूच्या गळ्यात पडली, दोरी दंडाला बांधली, बोर्ड काखेत मारला आणि निघाली. गादीवाली दारातच उभी होती. पोरीला ती पाण्यापर्यंत जाऊ देणार नव्हतीच. पण हे दिराला कुठे ठाऊक होतं?

"थांब!" दीर ओरडला. त्यानं पोरीच्या हातातून बोर्ड ओढून घेतला. खिशातून नाणं काढलं. प्लग उघडला, खणातून लांब प्लग काढला. गिऱ्हाइकं जवळ सरकली.

"का हो उघडलात?" तिनं मोठ्यानं विचारलं. "हत्ती लटकणार होता ना?"

"बोर्ड जाड आहे. आखूड पुरत नाही त्याला."

"लेकीला पुरत नाही. आणि ह्यांना पुरला होता?"

दिरानं लांब प्लग बोर्डावर ठेवला. मग स्टुलाकडे न बघता म्हणाला, "घाईत होतो रे. घरचंच काम, म्हणून जो हाताला लागला तो लावला."

"दवाखान्यात बोललास तेव्हा माहीत होतं तुला?" हे नवऱ्यानं विचारलं. दिरानं मान हलवली. हो.

गादीवालीला इतकं बरं वाटलं की तिला हसू आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही. नवरा स्टुलावरून उठायला लागला तसा त्याचा गुडघा लचकला. थोरल्यानं पटकन हात पुढे केला. नवऱ्यानं त्या हाताकडे नीट पाहिलं, भिंत धरली आणि आपला आपण उठला.